चौदा गुण आले कुठून? मानसशास्त्र शिकवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर-जिल्ह्यात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, अभ्यासक्रम ठरवणारे सदस्य आणि माझे समुपदेशक सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. पूर्व भागात एका चादर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर माझी समुपदेशनाची खोली आहे. खाली माग सुरू झाले की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं. पोराच्या पिशवीत दोनशे प्रश्नावल्या होत्या. "मॅडम, तुमच्या ओळखीतून भरून मिळतील का? शंभर विडी कामगार बायका, शंभर गृहिणी. नैराश्याची तुलना करायची आहे."

मी विचारलं, "तुलना करून काय कळेल?"

"फरक सार्थ आहे की नाही, म्हणजे नुसता योगायोगाचा नाही ना, ते."

"आणि सार्थ निघाला, तर तो का आहे, हे कोण सांगणार?"

तो गप्प बसला. चूक त्याची नव्हती. वीस वर्षांपूर्वी मीही अशीच पिशवी घेऊन गावभर फिरले होते. माझ्या मार्गदर्शकांनी टी-मूल्य (फरक सार्थ आहे का ते ठरवणारा आकडा) पाहिलं, "०.०५ ला सार्थ आलंय ना, मग झालं," म्हणाले आणि सही केली. तो प्रबंध बांधून ग्रंथालयात गेला, आणि मी खऱ्या माणसांसमोर येऊन बसले तेव्हा त्यातली एक ओळही उपयोगी पडली नाही. तेव्हापासूनचं हे पत्र मनात आहे.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोघांना मी नैराश्याची ती सुप्रसिद्ध नऊ प्रश्नांची प्रश्नावली दिली, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कामातला रस यांचं कसं काय, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा वर गेलं की दखल घ्यायची. (नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला 'हो' आलं, तर मी तत्त्वज्ञान करत बसत नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे.) दोघांचेही गुण आले चौदा.

त्यातली एक विडी वळणारी, पंचेचाळिशीची बाई. दुसरा अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा सव्वीस वर्षांचा मुलगा, तिसरा प्रयत्न हुकलेला. बाईला झोपेचे तीन गुण मिळाले, कारण नळाला पाणी येतं रात्री दोनला आणि त्यानंतर डोळा लागत नाही. थकव्याचे तीन, कारण दिवसाला हजार विड्या. मुलाला झोपेचे तीन, कारण तो दहा-दहा तास झोपतो आणि तरी उठवत नाही. तक्त्यात दोघं एकाच रकान्यात बसतात, 'मध्यम नैराश्य'. आणि आपण शिकवतो ते मानसशास्त्र बहुतेक वेळा त्या रकान्यापाशीच थांबतं.

माझे वडील जॉबर होते. यंत्रमागाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: जॉबर म्हणजे माग लावणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस. चादरीवर आडवी पट्टी उमटली की मालक ओरडायचा, "पट्टी पडतीय, बघा जरा!" वडील पट्टीकडे क्षणभर बघायचे आणि मागे वळून मागाचा आवाज ऐकत उभे राहायचे. बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुतात फरक आहे का? बीमचा, म्हणजे उभं सूत गुंडाळलेल्या रुळाचा ताण कमी-जास्त होतोय का? कापड गुंडाळणाऱ्या चाकाचे दाते झिजलेत का? पट्टी तीच, कारणं तीन, आणि प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा. वर पुन्हा मे महिन्यात सोलापूरच्या कोरड्या उन्हात सूत फार तुटतं, म्हणून जमिनीवर पाणी मारायचं. तोच माग, तेच सूत श्रावणात मुकाट चालायचं. वडिलांनी तत्त्वज्ञानाचं एक पान वाचलेलं नव्हतं, घरात बोलणंही तेलुगूत. पण मला आज जे म्हणायचं आहे ते सगळं त्यांच्या त्या उभं राहण्यात होतं.

त्याला तत्त्वज्ञानात वास्तववाद म्हणतात. आपल्याकडे 'वास्तववादी हो' म्हणजे 'स्वप्नं बघू नकोस, गप नोकरी कर' असा अर्थ होतो, तो इथे नको. इथे अर्थ एवढाच, की आपल्याला जे दिसतं आणि मोजता येतं त्याच्या मागे ते घडवणाऱ्या गोष्टी खरोखर असतात, आपण त्यांना ओळखो न ओळखो. त्या आपल्या अंगच्या गुणाने काम करतात. पण कधी, कुठे आणि किती, हे परिस्थितीवर ठरतं. आणि त्यांच्याबद्दलचं आपलं ज्ञान चुकू शकतं, हे त्यात गृहीतच आहे.

रॉय भास्कर (१९४४–२०१४) या लंडनमध्ये जन्मलेल्या, भारतीय वडिलांच्या तत्त्वज्ञाने १९७५ साली एक साधा प्रश्न विचारला: शास्त्रज्ञ प्रयोग करतातच का? निसर्गाचा नियम म्हणजे 'अ आलं की पाठोपाठ ब येतं' एवढंच असेल, तर प्रयोगशाळेची दारं-खिडक्या बंद कशाला करायच्या? करायच्या, कारण बाहेर शंभर गोष्टी एकाच वेळी काम करत असतात आणि एकमेकींना झाकून टाकतात. दार बंद केलं की त्यातली एक उघडी पडते. पण दार उघडल्यावर ती नाहीशी होत नाही, इतरांच्या गर्दीत काम करत राहते. म्हणून भास्करने वास्तवाचे तीन थर मानले: आपल्या अनुभवाला येतं ते, प्रत्यक्ष घडतं ते (कुणी पाहो न पाहो), आणि त्याखाली घडवणाऱ्या यंत्रणा. आपलं दुखणं असं, की प्राध्यापक पहिल्या थरातल्या आकड्यांवर थांबतात आणि आम्ही समुपदेशक पहिल्याच थरातल्या अनुभवांवर. दोघंही एकाच मजल्यावर राहतो आणि एकमेकांना परके समजतो.

हा थांबण्याचा रोग जुना आहे. १९२३ साली एडविन बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लिहून टाकलं, की बुद्धिमत्ता म्हणजे बुद्धिमत्ता चाचणी जे मोजते ते. तसंच म्हणायचं तर नैराश्य म्हणजे चौदा गुण. मग माझ्या दोघांमध्ये फरकच उरत नाही, आणि 'हे चौदा आले कुठून' हा प्रश्न विचारायची सोयही राहत नाही. विद्यार्थ्यांना आपण 'कार्यात्मक व्याख्या' (एखादी गोष्ट ज्या रीतीने मोजतो, तीच तिची व्याख्या) पाठ करायला लावतो, तेव्हा ती मोजण्याची सोय आहे, वस्तू नव्हे, हे सांगायचं बहुधा राहून जातं.

मला या सगळ्या कथेत पॉल मील (१९२०–२००३) हा माणूस सर्वांत जवळचा वाटतो. अमेरिकेतल्या मिनेसोटाचा मानसशास्त्रज्ञ, स्वतः रुग्ण पाहणारा, आणि तत्त्वज्ञानाने पक्का वास्तववादी. त्याने दोन्ही घरांना खडसावलं. १९७८ मध्ये तो संशोधकांना म्हणाला, की शून्य परिकल्पना ('फरक काहीच नाही' हे गृहीतक) फेटाळण्याच्या जोरावर सिद्धान्त उभे करण्याची पद्धत विषयाला पुढे नेत नाही. मानवी जगात जवळपास प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी थोडाफार संबंध असतोच, त्यामुळे नमुना पुरेसा मोठा घेतला की काहीतरी 'सार्थ' येणारच. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांतले ९७ टक्के सार्थ होते, पुन्हा केल्यावर सार्थ आले ३६ टक्के. मीलच्या शब्दांकडे वेळेवर कुणी लक्ष दिलं असतं तर हा धक्का इतका मोठा बसला नसता.

पण प्राध्यापक मंडळी खूश व्हायच्या आत आमच्या घरातलंही सांगते. त्याच मीलने १९५४ मध्ये दाखवलं होतं, की रुग्णाचं पुढे काय होईल हे सांगण्यात अनुभवी तज्ज्ञाचा अंदाज साध्या आकडेमोडीच्या सूत्रापुढे टिकत नाही. फार तर बरोबरी करतो. आमच्या बैठकांत 'माझा वीस वर्षांचा अनुभव सांगतो' हे वाक्य आलं की चर्चा संपते. हे वाक्य मीही वापरलेलं आहे. आणि अनुभव किती गोड फसवतो याचं उदाहरण जगभर घडून गेलंय. भीषण प्रसंगातून गेलेल्यांना लगेच एकत्र बसवून, घडलेलं सगळं बोलतं करायचं, ही पद्धत जेफ्री मिचेलने १९८३ मध्ये मांडली. बोलून मोकळं झालं की पुढचा त्रास टळेल, असा तर्क. येणारे सांगायचे, बरं वाटलं. बैठक घेणाऱ्यांनाही बरं वाटायचं. पुढे नीट चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं, की अशा एका बैठकीने आघाताचा पुढचा आजार टळत नाही, आणि काहींचा त्रास उलट वाढतो. बहुतेक माणसं आपल्या माणसांत राहून आपसूक सावरत असतात आणि श्रेय आम्ही घेत होतो. 'बरं वाटलं' हा पहिला थर झाला. बरं कशाने वाटलं, हे त्याखाली उतरल्याशिवाय कळत नाही.

आता पुन्हा त्या विडीवाल्या बाईकडे येते.

गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ भेटी दिल्या. पद्धत सोपी: माणसाला हळूहळू, ठरवून, अर्थ वाटणाऱ्या कृतींकडे परत आणायचं. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचे गुण दहाच्या खाली आले होते. नुसते नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. आपल्याच देशातला, आपल्यासारख्याच लोकांवरचा इतका चांगला पुरावा. मी खूश होऊन पद्धत जशीच्या तशी वापरायला गेले. बाईला म्हटलं, दिवसभरात तुम्हाला आवडतील अशा चार कामांची यादी करू या.

ती हसली. म्हणाली, "मॅडम, काम कमी पडतंय म्हणून दुखतंय व्हय माझं?"

इथे दोन सोप्या वाटा असतात. एक म्हणते, पुस्तक सांगतंय ना, मग यादी करवूनच घ्या. नाही केली तर 'रुग्णाचा प्रतिसाद कमी' असं लिहा. दुसरी म्हणते, हे संशोधन आपल्या लोकांना लागू नाही, फेकून द्या, माणूस बघून मनाने ठरवा. मी दोन्ही वाटांनी पूर्वी गेलेय. वास्तववाद तिसरं काही विचारायला लावतो: ही पद्धत गोव्यात चालली ती कशामुळे? यादीमुळे? की त्या यादीमुळे माणसाच्या आत-बाहेर काही सुरू झालं त्यामुळे? या पद्धतीच्या मुळाशी सत्तरच्या दशकातला पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञाचा विचार आहे, की आपण काही केलं आणि जगाकडून काही सुखाचं परत आलं, हे देणंघेणं आटलं की माणूस खचतो. कृती हे साधन आहे, खरं काम त्या परत येण्याचं आहे.

मग मी यादीचा कागद बाजूला ठेवला आणि परत काय येत होतं, ते विचारलं. पूर्वी गल्लीतल्या पाच-सहा जणी एका ओट्यावर, मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. गप्पा, गाणी, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी. बतकम्माच्या, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाच्या दिवसांत फुलांभोवती फेर धरताना गाणं हीच सांगायची. दीड वर्षापूर्वी मुलगी सासर सोडून घरी आली. लोक विचारतील म्हणून ही घरात बसून वळू लागली. विड्या तेवढ्याच, मजुरी तेवढीच. परत येणारं मात्र बंद. तपासणारा खराब म्हणून विड्या बाजूला काढतो, तेवढंच काय ते जगाचं उत्तर.

आम्ही ठरवलं ते इतकंच: आठवड्यातून दोन दुपारी सूप घेऊन शेजारणीच्या ओट्यावर बसायचं. दोन महिन्यांत चौदाचे आठ झाले. रात्री दोनचं पाणी तसंच होतं, म्हणून झोपेचे गुण हटले नाहीत. त्या गुणांवर समुपदेशन करणं हा वेडेपणा झाला असता.

इथे थांबले तर मी पुन्हा 'माझा अनुभव सांगते' म्हणणाऱ्यांतली. कारण त्याच सुमारास तिच्या मुलीला गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम लागलं. घरात पैसा आला, लोकांची तोंडं बंद झाली. मग बरं ओट्याने केलं की पगाराने? नशिबाने म्हणा, मध्ये गल्लीत भांडण झालं आणि तीन आठवडे ओटा बंद पडला. पगार चालू होता. त्या तीन आठवड्यांत गुण परत अकरावर गेले, ओटा सुरू झाल्यावर उतरले. एका बाईवरून मी सिद्धान्त मांडत नाही. पण बघा, मी काय करत होते: जॉबर करतो तेच. एक कारण तसंच ठेवून दुसरं हललं तर पट्टी जाते का, ते बघत होते. हे संशोधन होतं की व्यवसाय? मला खरंच सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही हेच मला आवडतं.

स्पर्धा परीक्षेच्या त्या मुलाच्या बाबतीत मात्र यादी जशीच्या तशी लागू पडली. त्याच्याकडे वेळच वेळ होता आणि तो लोकांना टाळत होता. पुस्तकातला माणूस तो होता.

वास्तववाद हे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणेल, म्हणून थोडं घरचं. न्यायशास्त्रात, अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त शिकवतात ते आठवा: पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. धुरावरून अग्नी हे अनुमान चालतं. उलटं मात्र चालत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे पण धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. नैयायिक त्या ओल्या सरपणाला उपाधी, म्हणजे जोडीला लागणारी अट, म्हणतात. अग्नी खरा, त्याचं सामर्थ्य खरं, पण धूर दिसेल की नाही हे सरपणावर. गोव्यातली पद्धत अग्नी असेल, तर आपल्या विडीच्या गल्लीत ओलं सरपण कोणतं, हा आपला प्रश्न. रे पॉसन आणि निक टिली यांनी १९९७ मध्ये योजनांचं मूल्यमापन करताना हेच विचारायला सांगितलं: काय चालतं, कुणासाठी, कोणत्या परिस्थितीत, आणि का. चार शब्दांचा प्रश्न आहे. आपल्या प्रबंधांत त्यातला पहिला शब्दही धड येत नाही.

या शहरात आणखी एका ठिकाणी मला याचा आधार वाटतो. अंगात येतं, कुणी काही केलंय, असं म्हणणारी माणसं माझ्याकडे येतात. 'हे सगळं थोतांड आहे' म्हटलं की ती उठून जातात. 'तुमचं सत्य तुमच्यापुरतं खरं' म्हटलं की मी त्यांची फसवणूक करते. ही दुसरी फॅशन सध्या प्रशिक्षणांत जोरात आहे. मी म्हणते, तुम्हाला जे होतंय ते खरंच होतंय, ते कशामुळे होतंय ते आपण दोघं मिळून शोधू. अनुभव मान्य, कारण तपासायचं. या एका वाक्यावर माणसं बसून राहतात, असं मी पाहिलंय.

आक्षेप मला ठाऊक आहे. जॉबर मागाचं झाकण उघडून दाते बघू शकतो, मनाचं झाकण कोण उघडणार? यंत्रणा सांगणं म्हणजे गोष्ट रचणं, आणि गोष्टी रचण्यात आम्ही समुपदेशक वस्ताद. आक्षेप खरा आहे. त्यावर एकच उपाय मला माहीत आहे: प्रत्येक कारणासमोर किमान एक प्रतिस्पर्धी कारण लिहायचं, आणि कोणती गोष्ट दिसली तर मी माझं कारण सोडून देईन हे आधीच लिहून ठेवायचं. फ्रॉइडवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप इथलाच, की त्याला खोटं पाडेल असं काही घडूच शकत नाही.

तर माझं मागणं. एम.ए.च्या प्रबंधात आकड्यांच्या प्रकरणानंतर एक प्रकरण 'का' या प्रश्नाचं असू द्या. आठ-दहा पानं पुरेत. त्यात विद्यार्थ्याने ज्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली त्यांतल्या निदान चार जणांशी सविस्तर बोलून, गुण कुठून आले ते शोधावं; दोन स्पर्धी कारणं मांडावीत; कोणतं टिकतं ते सांगावं आणि टिकत नसेल तर तसं लिहावं. नमुना दोनशेवरून साठवर आला तरी चालेल, माझ्या मते चांगलंच होईल. तोंडी परीक्षेला एक परीक्षक रोज रुग्ण पाहणारा असावा. त्याच्या मानधनाचा प्रश्न असेल तर मी फुकट येते, आणखी दोघं-तिघं येतील.

आणि सहकाऱ्यांनो, आपणही दर भेटीला गुण लिहून ठेवू या, सुधारले नाहीत तेसुद्धा. महिन्यातून एकदा, नाव-गाव झाकून, एक फसलेलं प्रकरण प्राध्यापकांसमोर मांडू या. यशाच्या कहाण्या पुष्कळ झाल्या. माझी खोली आहे. दहा-बारा खुर्च्या मावतात. संध्याकाळी पाळी बदलताना खालचे माग थोडा वेळ थांबतात, तेव्हा बोललेलं ऐकू येतं. पहिलं फसलेलं प्रकरण मी मांडते.

आपली,
एक समुपदेशक, पूर्व भाग, सोलापूर

ता. क. तो विद्यार्थी परवा पुन्हा आला होता. दोनशेपैकी चाळीस प्रश्नावल्या भरून झाल्यात. सोबत एक वही होती, त्यात त्याने सहा बायकांशी झालेलं बोलणं लिहून आणलं होतं. मार्गदर्शकांना हे चालेल का, विचारत होता. मी म्हटलं, पत्र लिहिलंय, उत्तर येऊ दे.